मुक्त सॉफ्टवेअरचे साडेबारा टक्के

२८ सप्टेंबर हा दिवस आपल्या राज्यातली सरकारी कार्यालये माहिती अधिकार दिन म्हणून पाळतात. सरकारी दप्तरात काय आहे ते पाहण्याचा हक्क नागरिकाला आहे, याची आठवण त्या दिवशी करून दिली जाते. याच तारखेला, २०१० साली, पाहण्याच्या हक्काशीच जोडलेली आणखी एक गोष्ट घडली होती. ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे राबलेल्या मंडळींनी मालक कंपनीपासून फारकत घेतली आणि लिब्रेऑफिस या नावाने वेगळी चूल मांडली. परवान्याचे पैसे न भरता आणि चोरीची प्रतही न वापरता ज्याला मराठीत अर्ज टाइप करायचा आहे, त्याच्यापुढे आज पहिला पर्याय येतो तो या लिब्रेऑफिसचा. तारीख लक्षात ठेवावी अशीच आहे. तिच्यामागची हकीकत पनवेलकरांना ओळखीची वाटेल, म्हणून ती जरा सविस्तर सांगायला हवी.

स्टारऑफिस हे मूळ सॉफ्टवेअर जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचे. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी त्याचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, ओपनऑफिस या नावाने जगाला पाहायला आणि वापरायला खुला केला. म्हणजे ओपनऑफिसचा जन्मच मुळी एका खरेदीतून झाला. खरेदी म्हटली की घात, असे सरसकट म्हणता येत नाही ते यासाठी. पुढची दहा वर्षे सनच्या पगारी प्रोग्रॅमरांच्या जोडीने जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यातल्या चुका दुरुस्त केल्या, मेनूतला शब्दन् शब्द आपापल्या भाषेत आणला. मात्र कोड द्यायचा तर त्याच्या प्रताधिकारात सनला वाटेकरी करून घेणाऱ्या करारावर सही करावी लागे. चांगला मालक असताना अशा सहीचे ओझे कुणाला वाटत नाही.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनीच ताब्यात घेतली. ओपनऑफिसचे नाव, सर्व्हर, पगारी माणसे आणि ते सही केलेले हक्क, सगळेच नव्या मालकाकडे गेले. वर्ष संपायच्या आत स्वयंसेवकांनी स्वतंत्र संस्था जाहीर केली आणि ओपनऑफिस हे नाव तिला द्यावे अशी विनंती ओरॅकलला केली. ओरॅकलने नाव दिले नाही. उलट, नव्या संस्थेत गेलेल्यांनी ओपनऑफिसच्या मंडळावरून दूर व्हावे, असे सांगितले. २०११ मध्ये ओरॅकलने सगळा पसारा अपाची फाउंडेशनला देऊन टाकला खरा, पण तोवर जाणते हात निघून गेले होते. ओपनऑफिस हे नाव अजून टिकून आहे. वाढ मात्र लिब्रेऑफिसची झाली. त्यासाठी जर्मनीत प्रतिष्ठान नोंदवायला लागणारे ५० हजार युरो लोकवर्गणीतून आठ दिवसांत जमले.

या हकीकतीकडे बोट दाखवून काही जण म्हणतात, कंपनी विकली गेली म्हणून बिघडले काय, कोड तर सगळ्यांकडे आहे. हे निम्मेच खरे आहे. ओपन सोर्सचा परवाना एकदा खुला केलेला कोड परत हिरावू देत नाही, ही मोठीच हमी आहे. पण तो कोड रोज वाचणारी, त्यातली खोच जाणणारी माणसे बहुधा कुणाच्या तरी पगारावर असतात, आणि पगार देणारा बदलला की त्यांचे काम बदलते. पुढची आवृत्ती कधी येणार, कुठली दुरुस्ती आधी होणार, जुन्या आवृत्तीचा सांभाळ किती वर्षे होणार, यातले परवान्यात काहीच लिहिलेले नसते. खरेदीत हात बदलते ते हे सगळे.

आपल्या दाराशी असलेले उदाहरण सायलॅबचे आहे. आकडेमोड, आलेख, नियंत्रण-प्रणालीची गणिते यांसाठी मॅटलॅब हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. त्याचा परवाना आपल्या महाविद्यालयांना परवडत नाही. फ्रान्समधल्या सरकारी संशोधन संस्थांनी घडवलेले सायलॅब त्याच धाटणीचे आणि मोफत. मुंबई विद्यापीठाच्या काही अभ्यासक्रमांतली प्रात्यक्षिके त्याच्यावर होत आली आहेत. पवईच्या आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या फॉसी प्रकल्पाने तर सायलॅबभोवती एक चळवळच उभी केली. विद्यार्थ्याने एखादे नावाजलेले पाठ्यपुस्तक निवडायचे, त्यातली सोडवलेली सगळी उदाहरणे सायलॅबमध्ये लिहायची, ती तपासली जायची, मग विद्यार्थ्याला मानधन आणि प्रमाणपत्र. अशी शेकडो पुस्तके तयार झाली. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलामुलींना त्यांचा किती आधार असतो, हे शिकवणाऱ्यांना विचारावे.

इकडे हे काम चालू असताना तिकडे सायलॅबचा मालक बदलत होता. संशोधन संस्थांकडून ते २०१० मध्ये निघालेल्या सायलॅब एंटरप्रायझेस या कंपनीकडे गेले, २०१७ मध्ये ती कंपनी ईएसआय समूहाने घेतली, २०२२ मध्ये सायलॅबची सूत्रे दासो सिस्टिम्सकडे आली. नव्या मालकांनी काही वाईट केले असे म्हणायला आधार नाही. परवाना खुलाच आहे, आवृत्त्या येत आहेत. अस्वस्थ करते ती व्यवहाराची रचना. ज्या सॉफ्टवेअरवर आपल्या विद्यार्थ्यांनी रात्री जागवल्या, आपल्या सरकारने कररूपी पैसा लावला, त्याचे भवितव्य ठरवणाऱ्या टेबलाशी त्यांच्यासाठी खुर्चीच नव्हती. उद्या कुणी सायलॅबकडे नफ्याच्या वहीतून पाहिले आणि ते काम मंदावले, तर पनवेलच्या प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकांना ते नव्या आवृत्तीची वाट पाहतानाच कळेल.

हे पनवेल-उरणला समजावून सांगावे लागू नये. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जमिनीचा भाव एकदाच हातावर ठेवायचा आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्या शहराशी मूळ मालकाचा संबंध संपवायचा, हा हिशेब शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी मानला नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तिच्या अंमलबजावणीच्या तक्रारी अजून मिटलेल्या नाहीत. तरी या मातीने देशाला दिलेले तत्त्व फार मोठे आहे: ज्याने मूळ वस्तू दिली, तो हस्तांतरानंतरही तिच्या भवितव्याचा वाटेकरी राहतो.

शेतकऱ्याकडून जमीन घेतली गेली होती, स्वयंसेवकाने कोड राजीखुशीने दिलेला असतो. हा फरक विसरून चालणार नाही, आणि गोळी खाल्लेल्यांच्या त्यागाशी कुणी संगणकावरच्या श्रमांची बरोबरी करू नये. पण वाट्याचे तत्त्व इथेही लागू पडते. इथला वाटा पैशांत मोजायचा नाही. प्रकल्पाचे नाव एका कंपनीच्या मालकीचे नसून स्वतंत्र संस्थेकडे असावे, कोड देणाऱ्याने आपला प्रताधिकार कुणाला लिहून द्यावा लागू नये, आणि निर्णय घेणाऱ्या मंडळात काम करणाऱ्यांना व वापरणाऱ्यांना जागा असावी, एवढाच तो वाटा. लिब्रेऑफिसने नेमके हेच केले. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या बाबतीतही त्याचा प्रत्यय आला: सनबरोबर तेही ओरॅकलकडे गेले, त्याचे जनक मायकेल विडेनियस यांनी मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली, तिच्यासाठी कंपनी आणि प्रतिष्ठान अशा दोन वेगळ्या संस्था झाल्या. २०२४ मध्ये ती कंपनीदेखील एका गुंतवणूक संस्थेने विकत घेतली. प्रतिष्ठान विकले गेले नाही.

फारकत घ्यायचा हक्क कागदावर सगळ्यांना सारखा आहे. प्रत्यक्षात तो ज्यांच्याकडे माणसे आहेत त्यांचाच. सेंटओएस या मोफत लिनक्सची गोष्ट पाहा. जगभरच्या हजारो सर्व्हरवर ते होते. २०१४ मध्ये सेंटओएसची मंडळी रेड हॅट कंपनीत सामील झाली, नावही तिच्याकडे गेले. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरला घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे सांगितलेली आठवी आवृत्ती २०२१ च्या डिसेंबरातच थांबेल. घर बांधून झाल्यावर पाया काढून घेतल्यासारखे अनेकांना वाटले. पण काही महिन्यांत अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स असे दोन पर्याय उभे राहिले, कारण ते उभे करू शकणारे शेकडो तज्ज्ञ जगात होते आणि मोठमोठ्या कंपन्यांची गरज त्यांच्या पाठीशी होती. पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टाच्या डेटा सेंटरसारखी अवाढव्य केंद्रे आज देशात उभी राहत आहेत. सर्व्हरच्या जगात लिनक्सचेच राज्य आहे. अशा केंद्रांसाठी कुणी ना कुणी धावून येईल.

मराठीसाठी कोण येईल? याच रेड हॅटने २००४ मध्ये लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट खुले केले. लिनक्सवर देवनागरी धड दिसण्यामागे या फाँटचा मोठा हात आहे. ते सुधारण्याचे, मराठीतला ‘ऱ्य’ आणि आपला ‘ल’ व ‘श’ नीट उमटवण्याचे किचकट काम करणारे अभियंते कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात होते. कंपनीने हे केले याबद्दल कृतज्ञच असायला हवे. पण एखाद्या भाषेचे असे काम चार-दोन पगारी माणसांवर उभे असेल, तर मालक बदलणे दूरच, नुसता विभाग बदलला तरी ते थांबू शकते. फाँटचा परवाना खुला आहे, कोड समोर आहे, आणि हात लावणारे कुणी नाही, अशी ती अवस्था. मोठ्या भाषांना खरेदी-विक्रीचा धक्का बसतो आणि त्या सावरतात. आपल्या भाषेला सावरायला आपणच माणसे तयार ठेवायला हवीत, हे या सगळ्या व्यवहारांतून आमच्या मनावर ठसते.

वापरणाऱ्यांनी ठरवले तर उलटी खरेदीही होते. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर बनवणारी डच कंपनी २००२ मध्ये बुडाली. तिचे संस्थापक टोन रोझेनदाल यांनी गुंतवणूकदारांना विचारले, किती पैसे दिले तर कोड खुला कराल? आकडा ठरला एक लाख युरो. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत तो जमवला. आज अॅनिमेशन शिकणाऱ्या मुलाला विनामूल्य मिळणारे ब्लेंडर ही त्या वर्गणीची मिळकत आहे.

पनवेलला काय करता येईल? केंद्र सरकारचे २०१५ चे धोरण सरकारी कामात ओपन सोर्सला पसंती द्या असे सांगते. पनवेल महापालिका २०१६ मध्ये स्थापन झाली. सॉफ्टवेअरची निविदा काढताना तिने फुकट आहे का, एवढे पाहून थांबू नये. नाव कोणाचे, प्रताधिकार कोणाचा, पुरवठादार विकला गेला तर कोड आणि डेटा कोणाच्या हाती राहणार, याची उत्तरे करारात लिहून घ्यावीत आणि वाचलेल्या परवाना-शुल्कातला थोडा भाग त्याच सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावा. पनवेल, नवीन पनवेल, खारघर या पट्ट्यात अभियांत्रिकी आणि विज्ञानाची कितीतरी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तीच ती हजेरीची आणि ग्रंथालयाची सॉफ्टवेअरे पुन्हा पुन्हा लिहिली जातात. त्याऐवजी लिब्रेऑफिसमधली मराठी शुद्धलेखन तपासणी, लोहितमधली एखादी जोडाक्षराची चूक किंवा सायलॅबमधला एखादा जुना दोष विद्यार्थ्याने दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती मूळ प्रकल्पात स्वीकारली गेली, तर तिलाच प्रकल्पाचे पूर्ण गुण द्यावेत. येत्या सत्रापासून दोन-तीन महाविद्यालयांनी हे सुरू केले, तरी पाच वर्षांत या भागात मराठीचा कोड वाचता येणारी पन्नासएक माणसे असतील.