तुमचं बॅकवॉटर, त्यांचं बुडीत

पावसाळा सुरू झाला की फोनवर एकच शब्द फिरायला लागतो. बॅकवॉटर! पानशेत बॅकवॉटर, भाटघर बॅकवॉटर, गुंजवणी बॅकवॉटर. ड्रोनने वरून घेतलेला शॉट, हिरवे डोंगर, मध्ये निळंशार पाणी आणि खाली कॅप्शन, पुण्याजवळचं मिनी केरळ. शुक्रवारी रात्री ग्रुपवर लोकेशन पडतं आणि शनिवारी सकाळी चेलाडी फाट्यावरून बाइक नसरापूरकडे वळायला लागतात.

जायलाच पाहिजे, यात वादच नाही. भोर आणि वेल्हे (आता सरकारी कागदावर राजगड तालुका) इतक्या जवळ असताना वीकेंडला मॉलमध्ये कोण बसणार? पण ते 'मिनी केरळ' काही पटत नाही.

केरळमधलं बॅकवॉटर निसर्गानं घडवलेलं आहे. समुद्रकिनाऱ्याला समांतर पसरलेली सरोवरं, नद्यांची मुखं आणि त्यांना जोडणारे कालवे. लोक पिढ्यान् पिढ्या त्या पाण्याला धरून जगत आलेत. आपलं बॅकवॉटर म्हणजे धरणाच्या भिंतीमागं अडवलेलं पाणी. त्याला मराठीत शब्द आहे, फुगवटा. सरकारी भाषेत आणखी एक शब्द आहे, बुडीत क्षेत्र. एकाच पाण्याची ही नावं, पण तुम्ही कुठला शब्द वापरता त्यावर तुम्हाला तिथं काय दिसणार हे ठरतं.

पालीतून वर चढा आणि खाली बघा

राजगडाच्या पायथ्याला पाली आहे. गडाच्या पाली दरवाजाला नाव याच गावाचं. गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढताना दम निघतो. पाली दरवाजाची वाट त्या मानाने रुंद आणि पायऱ्यांची. त्यामुळे पहिल्यांदा राजगड करणारे बरेच जण इकडूनच जातात. वर पोहोचलात की पद्मावती देवीचं देऊळ, समोर तोरणा आणि खाली दोन बाजूंना पाणी. एकीकडे गुंजवणी धरणाचं, दुसरीकडे भाटघरचं.

आता शाळेतला इतिहास आठवा. बारा मावळ. त्यातली गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं ही नावं आपण परीक्षेसाठी पाठ केली होती. ती खोरी म्हणजे हीच. नदीकाठची सपाट, सुपीक जमीन नेहमी खोऱ्याच्या तळाशी असते आणि धरण बांधलं की सगळ्यात आधी तळच बुडतो. स्वराज्यासाठी माणसं ज्या शेतांतून उठून आली, त्यातली कितीतरी शेतं आज त्या निळ्याशार पाण्याखाली आहेत. उरलेली गावं उतारावर सरकली, काही लांब कुठं तरी वसवली गेली. त्या माणसांसाठीही एक सरकारी शब्द आहे, धरणग्रस्त.

वर्षातून काही दिवस भेटणारा देव

भोर तालुक्यातल्या कांबरे गावात कांबरेश्वराचं देऊळ आहे. वेळवंडी नदीकाठचं जुनं शिवमंदिर. गावकरी त्याला पांडवकालीन म्हणतात. भाटघरचं धरण १९२७ च्या सुमारास पूर्ण झालं, तेव्हा हा मुलूख भोर संस्थानात होता. धरणाला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं नाव मिळालं, लॉइड डॅम. देवळाला मिळालं पाणी. तेव्हापासून वर्षातले बरेच महिने देऊळ पाण्याखाली असतं. मे-जूनमध्ये धरणाची पातळी खाली गेली की ते वर येतं. गावकरी जातात, गाळ काढतात, पूजा करतात. पाऊस लागला की देव पुन्हा पाण्याखाली.

आपल्या रीलमध्ये हे कसं येतं? 'पुण्याजवळचं हिडन टेंपल!' ते हिडन नाही हो, बुडवलेलं आहे. लपलेलं आणि बुडवलेलं यात फरक असतो. गाळात पाय रुतवत देवळापर्यंत येणारी आजी काहीतरी 'एक्सप्लोअर' करत नसते. ती तिच्या गावच्या देवाला भेटायला आलेली असते. शेजारी आपण शिखरावर चढून पोझ देत असलो तर तिला काय वाटत असेल?

असं देऊळ एकटं कांबऱ्यात नाही. उजनीच्या फुगवट्यात पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर आहे, तेही पाणी ओसरलं की दिसतं. महाराष्ट्रात धरणांबरोबर देवळंही बुडाली. घरं आणि शेतं पण बुडाली, पण ती पुन्हा वर येत नाहीत म्हणून त्यांची बातमी होत नाही.

हे पाणी जातं कुठं?

कॉलेजात असताना हा प्रश्न आपण विचारायलाच हवा, कारण उत्तर आपल्या बादलीत आहे. पुणे शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीत चार धरणं आहेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चौघांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. त्यात वेल्ह्यातल्या पानशेतचा वाटा १०.६५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. आपल्या होस्टेलच्या नळाला येणारं पाणी कुणाच्या तरी शेतावरून येतं, इतकं हे सरळ आहे.

भाटघर एकटं साडेतेवीस टीएमसीचं. म्हणजे आकाराने पुण्याच्या चार धरणांच्या जवळपास. त्याचं पाणी नीरा नदीतून आणि तिच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. तिथल्या उसामागे भोरच्या खोऱ्याचं बुडणं आहे. धरणं नकोत असं मी म्हणत नाहीये. पाणी सगळ्यांनाच लागतं. पण ज्यांनी जमीन देऊन आपल्याला पाणी दिलं, त्यांच्या दारात जाऊन आपण बाटल्या फोडून येणार असू, तर त्याला काय म्हणायचं?

आणि जिवाचा प्रश्न

इथं हा विषय भावनेपुरता राहत नाही. फुगवट्याचा तळ स्विमिंग पूलसारखा सपाट नसतो. खाली जुन्या शेतांचे बांध असतात, विहिरी असतात, पडक्या भिंती असतात आणि मध्ये मूळ नदीचं खोल पात्र असतं. काठाशी गाळ. गुडघाभर पाण्यात उभं असताना पुढचं एकच पाऊल डोक्यावरून पाणी जाईल इतकं खोल असू शकतं. वरून यातलं काहीच दिसत नाही. वरून फक्त व्ह्यू दिसतो.

मे २०२२ मध्ये भाटघरच्या फुगवट्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडून गेल्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा बातमीनंतर दोन दिवस सगळे हळहळतात, प्रशासन बंदीचे आदेश काढतं आणि पुढच्या शनिवारी नवं लोकेशन पडतं. बंदीचा बोर्ड वाचून कुणी थांबत नाही. पण आपण उभे आहोत तिथं खाली विहीर असू शकते, हे ज्याला कळलं तो नक्की थांबेल. म्हणूनच पाण्याखाली काय आहे हे माहीत असणं ही नुसती इतिहासाची हौस नाही.

'पण टुरिझमने पैसा येतो ना!'

येतो. हा मुद्दा खोटा नाही. 'जेवणाची सोय होईल' अशा पाट्या रस्त्याने दिसतात, त्यामागे गावातलीच घरं असतात. भाकरी-पिठलं, तांदूळ, गाडीचं पार्किंग, गडावरचं ताक यावर काही घरांचे चार महिने निघतात. म्हणूनच 'जाऊ नका' हे उत्तर होऊ शकत नाही. प्रश्न एवढाच की आपला पैसा त्या घरात जातो का. पुण्यातून सगळं खाणं-पिणं भरून न्यायचं, काठावर स्पीकर लावायचा आणि निघताना मागे फक्त कचरा ठेवायचा, याने गावाला काय मिळालं? प्लॅस्टिक.

मग जायचं कसं? फार अवघड नाही.

• एका दिवसात पाच स्पॉट नकोत. नसरापूरचं बनेश्वर घ्या. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देऊळ. तिथल्या घंटेवर क्रॉस आणि १६८३ हे साल आहे. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा. मग वेल्ह्याची मेंगाई देवी आणि पाली. एवढ्याने दिवस भरतो.

• देवळात आणि देवळाजवळ गावाचा नियम चालेल. चप्पल कुठं काढायची, फोटो चालेल का, हे विचारा. विचारलं की माणसं खुशीने सांगतात.

• जेवण गावात, पैसे रोख, घासाघीस नको.

• पाण्यात उतरायचं नाही. 'मला पोहता येतं' म्हणणाऱ्या मित्राला तर आधी थांबवा.

• आणि एखाद्या म्हाताऱ्या बाबांना किंवा मावशींना विचारा, 'तुमचं जुनं गाव कुठं होतं?' ते हात करून पाण्याकडे दाखवतील. मग फोन खिशात ठेवून पाच मिनिटं ऐका.

फोटो काढाच, रील पण टाका. फक्त कॅप्शनमध्ये 'मिनी केरळ'च्या जागी त्या खोऱ्याचं नाव लिहा. वेळवंड, कानद, गुंजण मावळ. नावं छोटी आहेत, टाइप करायला दोन सेकंद लागतील. ती वाचून एखादा तरी विचारेल की हे कुठं आहे, आणि मग पाण्याखाली काय आहे हे सांगायची पाळी तुमची.