निबिड, अस्पर्श, निर्मनुष्य

मराठी निसर्गलेखनातून तीन विशेषणे काही वर्षांसाठी हद्दपार करावीत, असा आमचा प्रस्ताव आहे. ती विशेषणे म्हणजे निबिड, अस्पर्श आणि निर्मनुष्य. जव्हार-मोखाड्याविषयी जे काही अलीकडे वाचायला मिळते, त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर या तीन शब्दांच्या टेकूवर उभा असतो. रविवारच्या पुरवण्यांत, तंबू भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिरातींत, पदभ्रमण मंडळांच्या वृत्तांतांत सूर्यमाळचे पठार ‘अस्पर्श’ असते आणि दाभोसा धबधब्याकडे जाणारे रान ‘निबिड’ असते. आता त्यात ‘रेनफॉरेस्ट’ या शब्दाचीही भर पडली आहे. या भाषेला आम्हीही खतपाणी घातले आहे, हे आरंभीच कबूल करतो. गेली वीस वर्षे आम्ही निबंधाच्या वह्यांत याच विशेषणांना लाल शाईने ‘छान’ असा शेरा देत आलो.

आमचे डोळे उघडले ते गेल्या मार्गशीर्षात. एम. ए. मराठीचे विद्यार्थी घेऊन आम्ही मोखाडा तालुक्यात दोन रात्रींच्या मुक्कामी पदभ्रमंतीला गेलो होतो. संध्याकाळ झाली होती, उतारावर तंबू ठोकायला जागा सापडेना. तेवढ्यात झाडीमध्ये एक वर्तुळाकार, सपाट, स्वच्छ जागा दिसली. मधोमध एक खांबही रोवलेला होता. निसर्गाने आपल्यासाठीच अंगण करून ठेवले आहे, असे कोणीतरी म्हणाले. आम्ही बूट घालूनच आत शिरलो, खुंट्या ठोकल्या आणि तंबूची दोरी त्या खांबाला बांधली. सकाळी एक वृद्ध गृहस्थ आले. ते रागावले नाहीत. त्यांनी आधी आपल्या वहाणा बाहेर काढल्या आणि मग म्हणाले, “मास्तर, हे खळं आहे. अजून नागली झोडायची आहे.”

आम्ही ग्रामीण साहित्य ही अभ्यासपत्रिका शिकवतो. खळे, मेढ, मळणी, रास या शब्दांचे अर्थ आम्ही फळ्यावर लिहून दिलेले आहेत. वारली आणि कोकणा समाजांतील कणसरी या धान्यदेवतेवर आम्ही व्याख्यानेही दिली आहेत. तरीही सारवलेले खळे पायाखाली असताना ते आम्हाला ओळखता आले नाही. कारण जंगलात खळे असू शकते, ही शक्यताच त्या तीन विशेषणांनी आमच्या नजरेतून पुसून टाकली होती. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. ते आमच्याच शब्दांनी पाहत होते.

मुळात वस्तुस्थिती काय आहे? हे वर्षावन नव्हे. ही सागाची, ऐनाची, बिबळ्याची पानझडी अरण्ये आहेत. पावसाळ्यात जी हिरवी भिंत वाटते तिच्यातून उन्हाळ्यात आरपार दिसते. आणि ती अस्पर्श तर मुळीच नाहीत. शेताच्या बांधावर मोहाचे झाड उभे दिसते, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते तोडायचे नाही असे ठरलेले आहे. ऐनाची झाडे खांबासारखी दिसतात, कारण नागली-वरईच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, म्हणजे राबासाठी, त्यांच्या फांद्या छाटल्या जातात. ज्याला आपण रानवाट म्हणतो ती कोणाची तरी पाण्याची वाट असते. हे जंगल मनुष्याच्या हाताने घडलेले आहे, आणि तो हात अजून कामात आहे.

‘निर्मनुष्य’ या शब्दामागे इतिहासही आहे. १८७८च्या वनकायद्याने जंगले ‘राखीव’ ठरवली आणि तेथे राहणाऱ्यांची नित्याची कामे एकाएकी गुन्हे झाली. ठाणे जिल्ह्यात राबावरून असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. सरकारने माणसाला कागदावरून वगळले, आमच्या ललित गद्याने त्याला दृश्यातून वगळले. ‘राखीव’ आणि ‘अस्पर्श’ या आमच्या मते सख्ख्या बहिणी आहेत.

या प्रदेशासाठी मराठीत दुसरी एक भाषा आहे, ती अहवालांची. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून ‘कुपोषण’ हा शब्द जव्हार-मोखाड्याला चिकटला तो कायमचा. एका भाषेत माणूस नाही, दुसऱ्या भाषेत तो केवळ वजनकाट्यावरचा आकडा आहे. मोखाड्याच्या भूमीवर बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे वाक्य या दोन्ही भाषांमध्ये बसत नाही. म्हणून ते क्वचितच लिहिले जाते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की पर्यटनातून स्थानिकांना रोजगार मिळतो. मिळावाच, पण ज्याच्या जमिनीवर तंबू पडतो त्याला विचारले जाते का, की त्याच्या हाती फक्त चुलीजवळचे काम येते, हे आधी पाहावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा तपासणीने निसर्गलेखनातील आनंदच मारला जाईल, असे काही सन्मित्र म्हणतात. त्यांना आम्ही मारुती चितमपल्लींचे उदाहरण देतो. ते वनाधिकारी होते, तरी त्यांच्या अरण्याला माणसे आहेत. पक्ष्यांची आणि झाडांची कितीतरी नावे त्यांनी जंगलातल्या माणसांकडून घेतली आणि मराठीला दिली. त्यामुळे त्यांच्या लेखनातील आनंद उणावला, असे कोणी म्हणणार नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला या जंगलाच्या व्यवहारात स्थान दिले आहे. महाविद्यालयाची सहल असो वा साहित्य शिबिर, पहिले पत्र ग्रामसभेला जावे. तेथे ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते मुकाट्याने स्वीकारावे. वाटाड्याला पूर्ण मजुरी द्यावी आणि झाडांची, ओढ्यांची, माळांची नावे त्याच्याकडून त्याच्या उच्चारात लिहून घ्यावीत. परतल्यावर जे लिहाल ते आधी त्या पाड्यात वाचून दाखवावे.

त्या सकाळी आम्ही खुंट्या उपसल्या. खळ्याला चौदा भोके पडली होती. एका विद्यार्थिनीने शेण मागून घेतले आणि बाबांच्या सुनेने दाखवले तसे तिने ती बुजवली. आम्ही प्राध्यापक बाहेर, बूट हातात घेऊन उभे होतो.