बरणीतली ‘कीडाजडी’

‘फक्त दहा बाय दहाची खोली आणि महिन्याला लाखोंची कमाई!’ हे रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. काचेच्या बरण्यांत बोटभर लांबीचे केशरी कोंब, मागे एसीची घरघर, आणि पांढरा कोट घातलेला कुणीतरी सांगतोय, ‘हिमालयातली कीडाजडी आता तुमच्या घरात.’ एक सांगू? ती कीडाजडी नाहीये.

खरी कीडाजडी, म्हणजे ओफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस, हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवर एका पतंगाच्या जमिनीतल्या अळीवर वाढते. ही बुरशी अळीला आतून खाते आणि बर्फ वितळायला लागलं की तिच्या डोक्यातून कोंब बाहेर काढते. तेव्हा पिथौरागढ, चमोलीकडची माणसं ती वेचायला वर चढतात. बरणीत वाढते ती तिची चुलत बहीण, कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. तिला घरात वाढवायला अळी लागत नाही, ब्राऊन राइसवर ती खुशाल येते. ती टाकाऊ आहे असं अजिबात नाही. ज्याच्या नावाने कॅप्सूल विकल्या जातात तो कॉर्डिसेपिन हा घटक १९५० च्या सुमारास सापडला तो हिच्यातच. मग दुसरीचं नाव का लावायचं? कारण भाव त्या नावाला आहे.

या नावाची हवा जुनीच आहे. १९९३ मध्ये चीनच्या धावपटू मुलींनी धडाधड विश्वविक्रम मोडले, तेव्हा प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय दिलं कासवाच्या रक्ताला आणि कीडाजडीला. २०१६ मध्ये त्याच मुलींचं एक जुनं पत्र बाहेर आलं. आम्हाला बळजबरीने डोपिंग करायला लावलं, असं त्यात लिहिलं होतं.

आता शेतीचं बघू. तांदूळ आणि पोषक द्रावण बरणीत भरायचं, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करायचं, स्वच्छ हवेच्या झोताखाली कल्चर सोडायचं. आधी काही दिवस अंधार, मग उजेड, तापमान २० अंशांच्या आसपास. साधारण दोन महिन्यांनी काढणी. ऐकायला सोपं वाटतं, पण हात नीट धुतला नाही तरी बरणीत हिरवी बुरशी हजर! आणि मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात खोली २० अंशांवर ठेवायची म्हणजे विजेचं बिल कोण भरणार, हे रीलमध्ये नसतं.

माझा राग शेतीवर नाही. ‘माल आम्हीच उचलू’ म्हणत ट्रेनिंगची फी घेणाऱ्यांवर आहे. बाबांनी एफडी मोडायच्या आधी त्यांना एवढंच विचारा: हे लेखी देता का? भाव किती, प्रत कोण ठरवणार, आणि आधीच्या बॅचचा माल कुणी, किती घेतला? उत्तर ‘भाऊ, ट्रस्ट ठेवा’ असं आलं तर उठायचं. खुशाल उठायचं.

आणि विकत घेणाऱ्यांनो, तुम्हीही. एफएसएसएआयच्या नियमांनुसार अशा सप्लिमेंटच्या लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. तरीही डबा विकणारा कॅन्सर, शुगर, सगळं बरं करतो! आजोबा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असतील तर रेशी वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. आत काय आहे हाही प्रश्नच. अमेरिकेत बाजारातले रेशीचे १९ नमुने तपासले, त्यातले फक्त पाच लेबलप्रमाणे निघाले. हा अभ्यास २०१७ चा.

बरणीतले कोंब कापून विकण्याऐवजी खालचा भातही दळून पावडरीत घालता येतो, वजन वाढतं. घरी बघायचंय? शाळेतला आयोडिनचा प्रयोग आठवा. कॅप्सूल फोडून पावडर थोड्या पाण्यात कालवा, एक थेंब टाका. निळंकाळं झालं, तर त्यात भात किंवा दुसरं कुठलं तरी पीठ आहे.

ज्यांना खरंच हात घालायचाय त्यांनी आधी साधी धिंगरी अळिंबी लावून बघा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे, तिथे चौकशी करा. धिंगरीला भाताचा पेंढा पुरतो, आणि ती नाही विकली गेली तर निदान भाजी तरी होते.