अनलिमिटेड म्हणे!

जानेवारी २०१९. यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन, त्यात नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झाल्याचा गदारोळ. दारव्ह्याच्या माझ्या मित्राच्या बातम्यांच्या छोट्या साइटवर एकदम गर्दी उसळली. आणि साइट बंद! होस्टचं उत्तर आलं, तुम्ही सीपीयू जास्त वापरला, म्हणून अकाउंट सस्पेंड.

अहो, पण प्लॅनचं नावच 'अनलिमिटेड' होतं ना? तर राजेहो, अनलिमिटेड असते ती जागा आणि बॅन्डविड्थ. प्रोसेसर एकाच सर्व्हरवरच्या ढीगभर साइट्समध्ये वाटलेला असतो. हे अटींच्या पानावर पार तळाशी.

दुसरीकडे जाऊ म्हटलं, तर 'फुकट' मिळालेलं डोमेन होस्टच्याच नावावर. ते सोडवण्यात तीन आठवडे गेले. डेटाबेस घाईत एक्स्पोर्ट केला, कॅरेक्टर सेट लॅटिन-१ राहिला, सगळ्या मराठी बातम्यांची प्रश्नचिन्हं झाली. (हे पाप माझं, होस्टचं नाही.)

लोक होस्ट निवडताना भाव आणि जीबी बघतात. मी म्हणतो, आधी बाहेर पडायचा दरवाजा बघा. डोमेन आपल्या नावावर, वेगळ्या रजिस्ट्रारकडे. बॅकअप आपल्याकडे, आणि तो एकदा तरी उघडून पाहिलेला. याहूचं जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, तेव्हा ज्यांच्याकडे प्रत नव्हती त्यांच्यातल्या अनेकांची पानं गेलीच. साइट हलवायच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल कमी करा, आणि जुनं अकाउंट आठवडाभर तरी तोडू नका.

मित्र आता व्हीपीएसचे चौपट पैसे भरतो. तो सुरू झाला तोवर संमेलनाचा मांडवही निघाला होता.