गंज कुठे लागलाय, ते आधी पाहा

पावसाळा संपला की गाडी नीट धुवायला काढली जाते आणि दाराच्या खालच्या कडेला रंगाचा एक फुगा दिसतो. नखाने टोकरला तर रंगाची खपली निघते आणि आत तपकिरी भुगा. गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर घरात लगेच दोन पक्ष पडतात. मुलं म्हणतात, "बाबा, आता विकून टाका ही." बाबा म्हणतात, "इंजिन ठणठणीत आहे, थोडासा पत्रा तर गेलाय."

दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. हा वाद मिटवायचा तर दोन गोष्टी शोधा: गंज गाडीच्या कोणत्या भागाला लागलाय आणि ही गाडी अजून किती महिने वापरायची आहे. मग गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा महाग की स्वस्त, हे ठरवणं सोपं जातं.

गंज येतो कुठून?

लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की गंज धरतो. त्यात मीठ मिसळलं की वेग वाढतो. म्हणूनच मुंबई, रत्नागिरी, गोवा, कोची, चेन्नई अशा समुद्राकाठच्या गाड्या इंदूर किंवा दिल्लीतल्या त्याच वयाच्या गाड्यांपेक्षा लवकर गंजतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे वरचा रंग उचलला जातो. म्हणजे फुगा दिसला तेव्हा आत गंज आधीच पसरलेला असतो.

आता महिन्यातून एकदा या जागा पाहा:

• दाराची खालची कड. तिथे पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी दारातच साचतं.
• चाकांच्या वरची कमान. आतल्या बाजूला चिखल चिकटून ओला राहतो.
• पायाखालच्या मॅटखालचा पत्रा. ओली छत्री, ओले बूट आणि गळकं दाराचं रबर यांचं पाणी इथेच मुरतं.
• डिकीत स्टेपनीच्या खालची जागा आणि पुढच्या काचेखालची जाळी, जिथे झाडाची पानं अडकतात.
• सायलेन्सर. रोज फक्त दोन-तीन किलोमीटर गाडी फिरत असेल तर तो पुरेसा तापत नाही, आत पाणी साचतं आणि तो आतून सडतो. आठवड्यातून एकदा लांब चक्कर मारलीत तर त्याचं आयुष्य वाढतं.

कोणता गंज चालवून घ्यायचा, कोणता नाही?

दार, बोनट, डिकीचं झाकण यांना लागलेला गंज दिसायला वाईट असतो, पण हे भाग सुटे बदलता येतात. तिथे घाई नसते.

खरी काळजी खालच्या पत्र्याची. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. त्यामुळे दाराखालचा लांब पत्रा, ज्याला बरेच डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं ती जागा, सीट बेल्टचे बोल्ट आणि ब्रेकचे पाइप, यापैकी कुठेही गंज असेल तर तो अपघातात जिवावर बेतू शकतो. मेस्त्रीला गाडी लिफ्टवर चढवायला सांगा आणि स्वतः खाली उभं राहून पाहा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर चांगला पत्रा खणखणतो, सडलेला दबतो किंवा त्याचा भुगा पडतो.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

गंज अजून वरवरचा असेल तर काम स्वस्तात होतं: घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत साफ करणं, गंजरोधक प्रायमर, मग रंग. पत्र्याला भोक पडलं असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागतो. काही ठिकाणी भोकावर नुसती लांबी भरून रंग मारून देतात. गाडी नवी दिसते, पण आतला गंज थांबत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तोच फुगा पुन्हा येतो. म्हणून तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: पत्रा कापणार की लांबी भरणार, कामाचे मधले फोटो मिळतील का, आणि जोडाच्या आतल्या बाजूला काय लावणार.

खालून काळं कोटिंग मारून घेणं चांगलंच, पण गंज साफ केल्यावर आणि गाडी पूर्ण कोरडी असताना. गंजावरच कोटिंग मारलं तर ओल आत अडकते आणि सडणं चालूच राहतं, फक्त आपल्याला दिसत नाही.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर फ्रिजवरचं चुंबक पातळ कापडात गुंडाळून सोबत न्या. पत्र्याला ते चिकटतं, जाड लांबीवर घसरतं. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र ही परीक्षा चालत नाही.

खर्चाला महिन्यांनी भागा

समजा, डेंटरने 48,000 रुपये सांगितले. गाडी अजून 24 महिने वापरणार असाल तर महिन्याला 2,000 रुपये पडले. दुसऱ्या गाडीच्या हप्त्यापेक्षा हे बहुधा कमीच असेल. पण आठच महिने वापरणार असाल तर तोच खर्च महिन्याला 6,000 रुपये झाला.

हे महिने मोजताना आरसी बुक उघडा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ती 5 वर्षांनी वाढवावी लागते आणि त्यासाठी मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो. एप्रिल 2022 पासून खासगी कारच्या या नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढलं. महाराष्ट्रासह काही राज्यांत पर्यावरण करही द्यावा लागतो. दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत आले आहेत. त्यामुळे मोठं काम काढण्याआधी आपल्या आरटीओचे चालू नियम पाहून घ्या.

विम्यावर विसंबू नका. गंज ही झीज मानली जाते आणि साध्या पॉलिसीत झीज धरत नाहीत. अपघाताच्या दाव्यातही 10 वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, म्हणजे निम्मा पत्रा आपल्या खिशातून.

निरोप द्यायची वेळ आली तर

सांगाडाच सडला असेल तर ती गाडी दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात मारू नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे मिळणारं ठेव प्रमाणपत्र जपून ठेवा. त्यावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्ष किती मिळेल हे राज्यावर अवलंबून असतं. आरटीओमधली नोंदणी रद्द झाल्याचीही खात्री करून घ्या, नाहीतर भंगारात गेलेली गाडी कागदावर तुमचीच राहते.

ज्या गाडीतून शाळा, लग्नं, दवाखाने सगळं झालं, तिच्याबद्दल बाबांना माया वाटणारच. म्हणून "विकून टाका" असं फोनवर सांगण्याऐवजी येत्या रविवारी त्यांच्यासोबत गॅरेजमध्ये जा. गाडी लिफ्टवर चढवा आणि दोघांनी मिळून खालचा पत्रा पाहा. तो धड असेल तर बाबांचं ऐका. सडलेला असेल तर तुम्हाला फार समजवावं लागणार नाही, त्यांना ते समोरच दिसेल.