खपणाऱ्या फोटोतली बाई

जाहिरातीतल्या गृहिणीला कधी घाम येत नाही. साडी कडक इस्त्रीची, ओट्यावर पाण्याचा थेंब नाही आणि भाजी चिरताना बाईसाहेब खुशाल कॅमेऱ्याकडे बघून हसतायत! मैत्रिणींनो, असं दुसरीकडे बघत सुरी चालवली तर बोट जागेवर राहील का?

हे फोटो बहुधा ‘स्टॉक’मधले असतात. छायाचित्रकार फोटो काढून इंटरनेटवरच्या भांडारात ठेवतो आणि ज्याला हवा तो पैसे भरून वापरतो. २००० साली आयस्टॉकफोटो आणि २००३ साली शटरस्टॉक सुरू झालं, तसे हे फोटो फारच स्वस्त झाले. त्यामुळे तीच हसरी बाई आज बँकेच्या पत्रकावर, तर उद्या तेलाच्या जाहिरातीत. वर उत्तर तयार असतं, ‘जे खपतं तेच काढतो!’

मला हे पटत नाही. खपणाऱ्या फोटोच्या गरजा तशा साध्या असतात. विषय एका नजरेत कळावा, मजकुरासाठी बाजूला मोकळी जागा असावी, कुठल्या कंपनीचं चिन्ह दिसू नये. यात खोट्या हसण्याची अट कुठे आली? शिवाय गिऱ्हाइकाची आवडही बदलते. गेटी इमेजेस या मोठ्या भांडारात ‘वुमन’ या शब्दाखाली २००७ साली सर्वाधिक खपलेला फोटो होता कमरेला टॉवेल घेतलेल्या विवस्त्र स्त्रीचा. आणि २०१७ साली? कॅनडातल्या बॅन्फच्या डोंगरवाटेवर एकटीच निघालेल्या तरुणीचा! मधे २०१४ साली याच भांडाराने लीन इन संस्थेबरोबर कामात गढलेल्या, आत्मविश्वासाने वावरणाऱ्या स्त्रियांचे फोटो मुद्दाम वेगळे मांडले होते.

वस्तीतल्या बायकांसाठी रक्तक्षयावर पत्रक करताना आम्हाला हवी होती पालेभाजी निवडत बसलेली, चारचौघींसारखी बाई. मिळाल्या त्या सॅलडचा वाडगा घेऊन खिदळणाऱ्या. म्हणजे गरज आहे, फोटो नाहीत. आता मोबाइल तर हातोहाती आहे. खिडकीच्या उजेडात तांदूळ निवडणारे हात, चष्मा सावरत मोबाइल बघणारी आजी, बचत गटाचा हिशेब लिहिणारी ताई, हे फोटो आपल्या लेकीसुनांनी काढावेत. अर्थात पैशांचा पाऊस पडणार नाही. शटरस्टॉकने २०२० साली एका विक्रीमागचा कमीत कमी मोबदला १० सेंट ठरवला. पण चार पैशांबरोबर आपली खरी ओळखही बाहेर जाईल.

एक मात्र पाळायलाच हवं. जाहिरातीसाठी विकायच्या फोटोत चेहरा ओळखू येत असेल, तर भांडारं त्या व्यक्तीची लेखी संमती मागतात. मूल असेल तर पालकांची. सही मिळवणं काही अवघड नाही हो. ‘ताई, इथे सही करा’ म्हटलं की आपल्या बायका न वाचता करतात. पण आपला चेहरा कुठल्या कुठल्या मालावर छापला जाऊ शकतो आणि एकदा विकला की परत मागवणं किती कठीण, हे तिला समजेल अशा भाषेत आधी सांगा. ती ‘नको’ म्हणाली, तर मोबाइल खिशात. ‘हो’ म्हणाली, तर मिळकतीत तिचाही वाटा. चेहरा तिचा, मग कमाई एकट्या फोटोवाल्याची का?