संगणकाचे शीतन आणि आपली हवा
विंचूरच्या उपबाजार आवारात कांद्याचा लिलाव सुरू झाला, की धूळ नि टरफले ज्या गावात घरोघर पोहोचतात, तेथे स्वतः जुळवलेल्या संगणकासाठी द्रवशीतनाचा बडेजाव मला बिलकूल मंजूर नाही; कारण नळीतला द्रव उष्णता केवळ रेडिएटरपर्यंत नेतो, तेथून ती घालवण्याची जबाबदारी अखेर पंख्यावरच येते, आणि पंप बंद पडण्याची धास्ती निराळीच. वैशाखात खोलीच 40 अंशांवर गेली, तर द्रवशीतन काय नि नुसता पंखा काय, कोणतीही तजवीज प्रोसेसरला त्याखाली उतरवू शकत नाही. कांदाचाळीला तळातून वारा लागतो हे जाणणाऱ्यांना अधिक काय सांगावे? पुढून गाळणीतून हवा घेणारे 140 मिलिमीटरचे दोन संथ पंखे नि मागे एक, म्हणजे आतला दाब किंचित अधिक राहून फटींतून धूळ शिरत नाही. अहोरात्र चित्रफिती घडवणाऱ्याने द्रवशीतन खुशाल घ्यावे. इतरांनी ती रक्कम मेमरीवर खर्चावी.